पगार-वीज फिक्स्ड, माल व्हेरिएबल? एवढं सोपं नाहीये ते

छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: भाडं, पगार, वीज हे फिक्स्ड (काम कमी-जास्त झालं तरी तेवढेच राहणारे) खर्च, कच्चा माल व्हेरिएबल (कामाप्रमाणे कमी-जास्त होणारा), फिक्स्ड खर्च कधी बदलत नाही, आणि नगाच्या पूर्ण कॉस्टच्या खाली ऑर्डर घेतली की तोटा झालाच. लोक यावरून कोटेशन काढतात, म्हणून लिहितोय.

आधी वीज. महावितरणचं इंडस्ट्रियल बिल उघडून बघा, डिमांड चार्ज (किती लोड लागतो त्याचे पैसे) वेगळा, वापरलेल्या युनिटचे पैसे वेगळे, आणि महिनाभर मशिनं बंद ठेवली तरी पहिला भरावाच लागतो. म्हणजे हा सेमी-व्हेरिएबल, अर्धा फिक्स्ड अर्धा व्हेरिएबल खर्च, ते दोन भाग वेगळे काढावे लागतात. समजा मोल्डिंगच्या शॉपमध्ये सगळी मशिनं मिळून एका महिन्यात 1,200 तास चालली, बिल 96,000, आणि मंदीच्या महिन्यात 700 तास, बिल 66,000. फरक 500 तासांचा आणि 30,000 रुपयांचा, म्हणजे तासाला 60. आता 1,200 तासांचे झाले 72,000, उरलेले 24,000 फिक्स्ड. ही हाय-लो पद्धत. महिने निवडायचे ते तासांवरून, बिलाच्या रकमेवरून नाही, आणि त्यात एखाद्या बिलात मागची थकबाकी आली असेल किंवा मधेच दर बदलले असतील तर सगळं गणित वाकडं जातं, त्यापेक्षा वर्षाचे बाराही महिने एक्सेलमध्ये टाकून स्लोप (तासाचा दर) आणि इंटरसेप्ट (फिक्स्ड भाग) काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

पगाराचंही तेच. सुपरवायझर महिन्यावर, पॅकिंगवाल्या बायका नगावर, आणि ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर, मग सगळं एकाच खात्यात टाकून फिक्स्ड कसं म्हणायचं?

फिक्स्ड बदलत नाही हे एका मर्यादेपर्यंतच खरं. तिसरी शिफ्ट लावली की आणखी एक सुपरवायझर लागतो, माल मावेना झाला की दुसरा गाळा घ्यावा लागतो, खर्च एकदम पायरी चढतो.

आता ऑर्डरचं, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. महिन्याचा फिक्स्ड 2,40,000, नग 10,000, म्हणजे नगाला 24, व्हेरिएबल 31, एकूण 55. कोणी 42 ला 4,000 नग मागितले तर मेसेजप्रमाणे नगामागे 13 चा तोटा. अहो पण ते 2,40,000 ऑर्डर घेतली नाही तरी जाणारच आहेत! 42 मधून 31 गेले, 11 उरले, 4,000 नगांचे 44,000 हातात, जे ऑर्डर नाकारली तर मिळणार नाहीत. अट एवढीच की मशीन रिकामं हवं आणि जुन्या गिऱ्हाईकाने तोच भाव मागायला नको. कायम याच भावाने विकत बसलं तर फिक्स्ड खर्च निघणारच नाही, हेही खरं. आणि मशीन रिकामं नसेल, 60 ला जाणारा तसलाच नग थांबवून ही ऑर्डर करावी लागत असेल, तर त्या नगाचे बुडालेले 29 (60 वजा 31) पण यातूनच निघायला हवेत, तेव्हा मात्र 60 च्या खाली हात लावू नका.