वटवट्या आणि माझी मान

ज्याच्याकडे बघण्यासारखं काही नाही, तो पक्षी बघता बघता माझी मान गेली. मोर बघताना गेली असती तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

हा हिरवट वटवट्या. लांबी दहा सेंटिमीटर, वजन जेमतेम आठ ग्रॅम. वरून हिरवट, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई. पंखावर एक पुसट आडवी रेघ असते, तीही पिसं झिजली की जाते. वर याचे भाऊबंद ढीगभर, सगळे एकाच साच्यातले. या कुळाच्या ग्रीक नावाचा अर्थ 'पानं तपासणारा', आणि तो शब्दशः खरा. सोसायटीतल्या आंब्याचं एकेक पान तो वरून-खालून तपासतो, किडा दिसला की टिपतो. मी दुर्बीण त्या पानावर नेईपर्यंत साहेब पुढच्या फांदीच्या फायली उघडून बसलेले!

उन्हाळ्यात हा हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे, जमिनीलगत शेवाळाचं घुमटीसारखं घरटं करून संसार करतो. थंडीत इकडे येतो तो एकटा, आणि येताच आपला तुकडा आखून घेतो. दुसरा वटवट्या आला की हाकललाच. आमच्याकडे पार्किंगवरून हेच चालतं, म्हणून मला नवल नाही वाटलं.

तिबेटच्या पठाराभोवती यांचा गोतावळा कड्यासारखा पसरलाय. शेजाऱ्याशेजाऱ्यांचं गाणं बऱ्यापैकी जुळतं, पण कड्याची दोन टोकं सायबेरियात भेटतात तेव्हा एकमेकांना ओळख देत नाहीत, सोयरीक तर नाहीच. त्यांचीच ही गत, तर माझ्यासारख्याला, तेही चाळिशीच्या चष्म्यातून, काय ओळख पटणार?

जाणकार म्हणतात, बघू नका, ऐका. पण दोन हजारांची दुर्बीण घेऊन ऐकायचं म्हणजे जिवावर येतं. चार महिने मी वरच बघत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी गळ्यात पट्टा अडकवला. "असं काय काम करता हो?"

"पानं बघतो."

त्यांनी फाइलीत काहीतरी लिहिलं. काय, ते दाखवलं नाही.

काल गॅलरीत बसलो होतो, नाक सरळ समोरच्या टाकीकडे. डोक्यावरच्या आंब्यात आवाज झाला. चि-विट. थोड्या वेळाने पुन्हा, चि-विट.

"अगं, आला बघ!"

"कुठे? दिसला?"

"छे. पण तोच."