तीन दिवसांत डायपर सुटतो म्हणे!

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, पोरगा शीच करत नाहीये गं. पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभा राहतो, पॉटीवर बसवलं की किंचाळतो." पोरगा सव्वादोन वर्षांचा. खोदून विचारल्यावर कळलं, फॅमिली ग्रुपवरचा एक फॉरवर्ड आमच्या आईनेच तिला पाठवला होता, आणि या बाईने तो तंतोतंत पाळला होता.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या आज्यांची मुलं वर्षाच्या आत शी-शू सांगायची, डायपरने पिढी आळशी केली. तेव्हा डायपर फेका, दर वीस मिनिटांनी पॉटीवर बसवा, झाल्याशिवाय उठू देऊ नका. चुकलं तर ओली चड्डी तशीच राहू द्या आणि चारचौघांत "शी, घाणेरडा" म्हणा, लाज वाटली की शिकेल. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. तीन दिवसांत काम फत्ते. दोन वर्षांपर्यंत न शिकलेलं मूल पुढे अभ्यासात मागे पडतं, आणि डायपरमुळे मुलग्यांना पुढे मूलबाळ होत नाही. खाली सही "एक अनुभवी डॉक्टर". नाव नाही, गाव नाही.

लाजेपासूनच सुरू करते, कारण भाच्याचं पोट तिथेच अडलं. या वयाच्या मुलाच्या हातात फार थोड्या गोष्टी असतात, आणि शी रोखून धरणं ही त्यातली एक. घाबरलेलं, चिडलेलं मूल ते सहज करतं. शी आत राहिली की आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, तिचा खडा होतो. खडा बाहेर येताना दुखतं, कधी चीर पडून रक्तही येतं. दुखलं म्हणून पुढच्या वेळी मूल आणखी घट्ट आवळून धरतं. हे लांबलं तर गुदाशय ताणला जातो, शी लागल्याची जाणीवच बोथट होते आणि खड्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपायला लागते. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, नाहीतर कार्टं मुद्दाम करतंय. मग परत ओरडा. पाय आवळून उभं असलेलं मूल कुंथतंय असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा ते रोखत असतं. अशा वेळी पॉटी काही दिवस गुंडाळून ठेवायची, बालरोगतज्ज्ञांकडून शी मऊ करणारं औषध घ्यायचं, आणि जरा बरं वाटलं म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचं नाही. जेवण नावाला आणि दिवसभर दुधाच्या बाटल्या असा प्रकार असेल तर तोही बघायचा. बहिणीला तिच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं, वर डायपर परत लावायलाही सांगितलं. त्यात त्याने शी केली तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

पाणी बंद करण्याचा सल्ला तर मूर्खपणाचा कळस आहे. पाणी कमी पडलं की शी आणखी घट्ट होते. रात्री कोरडं राहणं हे शिकवून येतही नाही. झोपेत लघवी कमी बनणं आणि मूत्राशय भरल्यावर जाग येणं, हे शरीर आपल्या वेळेने जमवतं. पाच वर्षांच्या शंभर मुलांतली साधारण पंधरा मुलं अजून रात्री गादी ओली करतात, आणि त्या वयाच्या आत डॉक्टर त्याला आजारही म्हणत नाहीत. गंमत म्हणजे झटपट पद्धतीचं मूळ ज्या प्रयोगात सापडतं, तो अझ्रिन आणि फॉक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा. त्यांनी ३४ मुलांना सरासरी चार तासांत शिकवलं. पण त्यात मुलांना मुद्दाम भरपूर प्यायला देत, शू वारंवार व्हावी आणि सराव मिळावा म्हणून! आमच्या "अनुभवी डॉक्टरां"नी झटपटपणा तेवढा उचलला आणि पाणी उलट तोडलं.

लवकर आणि जोर लावून सुरू केलं की लवकर सुटतं का? यावर २००३ साली 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात ब्लम, टाउबमन आणि नेमेथ यांचा अभ्यास आला. अमेरिकेतल्या चारशेहून अधिक मुलांवर दीड वर्षाच्या आसपासपासून लक्ष ठेवलेलं होतं. दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा विचारणं, बसवणं म्हणजे जोराचं शिकवणं, अशी त्यांची व्याख्या. ते २७ महिन्यांच्या आधी सुरू करून फारसा फायदा दिसला नाही. जितकी लवकर सुरुवात, तितकं शिकवणं लांबलं. प्रामाणिकपणे हेही सांगते की लवकर सुरू केल्यामुळे बद्धकोष्ठता वाढली, असंही त्यात दिसलं नाही. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाला हसतखेळत पॉटीवर बसवणाऱ्या आईने घाबरायचं कारण नाही. माझं भांडण जबरदस्तीशी आहे.

आज्यांचं म्हणणं मात्र, मान्य करावं लागतं, अगदीच खोटं नाही. तान्ह्याला पायांवर धरून "शूऽऽ" केलं की ते शू करतं, आणि पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजात तर अशी सवय पहिल्या काही आठवड्यांपासूनच लावतात, हे १९७० च्या दशकात नोंदवलेलंही आहे. पण त्यात मूल सांगत नसतं, मोठं माणूस ओळखत असतं. त्यासाठी दिवसभर मुलाजवळ कुणीतरी लागतं, आणि आज्यांच्या घरात काकू, आत्या, मोठ्या बहिणी होत्या. लंगोट-दुपट्यांचा ढीगही त्याच बायका मोरीत धूत होत्या, ते फॉरवर्डमध्ये नाही. डायपरमध्ये ओलं फारसं जाणवत नाही, हेही खरं. घरी असताना सुती चड्डी घालायला माझी हरकत नाही.

मूलबाळ न होण्याबद्दल: २००० साली जर्मनीतल्या एका अभ्यासात डायपरमध्ये मुलग्यांच्या वृषणांचं तापमान कापडी लंगोटापेक्षा थोडं जास्त भरलं. पुढे मूल होतं की नाही, हे त्यात तपासलंच नव्हतं. अभ्यासात मागे पडण्याला तर काही आधारच दिलेला नाही. प्लेग्रुपवाले "डायपर चालणार नाही" म्हणतात ही अडचण खरी आहे, पण ती प्लेग्रुपची सोय आहे, मुलाची बुद्धी नव्हे.

निवांत शिकवणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नाही. मूल दोनेक तास कोरडं राहतंय, चड्डी खाली ओढू शकतंय, शी आली की कोपरा शोधतंय, एवढं दिसलं की जेवणानंतर थोडा वेळ बसवावं. कमोडवर बसवत असाल तर पायाखाली पाट द्या, लोंबकळत्या पायांनी शीला जोर लावता येत नाही. झालं तर शाबासकी, नाही झालं तर चड्डी बदलून मोकळं.

आणि फॉरवर्डमध्ये जे असायला हवं होतं ते नाहीच. शीत रक्त येत असेल, लघवी करताना मूल रडत असेल, किंवा बरेच महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक परत ओलं करू लागलं असेल, तर ग्रुपवर विचारू नका, डॉक्टरांकडे न्या. त्यासोबत सारखी तहान आणि वजन उतरणं दिसलं तर त्याच दिवशी, रक्तातली साखर तपासायला.