कमोडोर ६४ ला मोबाईलचा चार्जर जोडायला सांगणारा तो मेसेज, आणि त्यातलं एकेक वाक्य

गेल्या महिन्याभरात तोच मेसेज मला तिघांनी पाठवला, एक चिपळूणहून, एक वेंगुर्ल्याहून आणि एक मुंबईतला भाचा, आणि तिघांचा प्रश्न एकच, माळ्यावरचा कमोडोर ६४, म्हणजे ऐंशीच्या दशकातला तो घरगुती कॉम्प्युटर, खाली काढलाय, असं करू का. मेसेज थोडक्यात असा: "जुना पॉवर सप्लाय चालत असेल तर तोच लावा, ओरिजिनल तो ओरिजिनल. बिघडला असेल तर नवीन बनवायच्या फंदात पडू नका, मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर कापून जोडा. ९ व्होल्ट फक्त कॅसेटसाठी असतात, सोडून द्या, नाहीतर ९ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर लावा. फक्त अँपिअर तंतोतंत जुळवा, जास्त झाले तर मशीन जळेल."

कृपा करून करू नका. का ते सांगतो.

"ओरिजिनल तो ओरिजिनल." मला सगळ्यात जास्त भीती ह्याच वाक्याची वाटते, कारण ते ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. हातात घेतला की चिऱ्याचा तुकडा उचलल्यासारखा वाटणारा तो जड डबा, त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो आणि बहुतेक डब्यांत वरून राळ ओतून सगळं बंद केलेलं असतं. म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला वाटच नाही, रेग्युलेटर वर्षानुवर्षं आतल्या आत भाजत राहतो, आणि तो गेला की प्रत्येक वेळी गपचूप बंद पडतो असं नाही, कितीतरी वेळा व्होल्टेज वर चढतं. मशीनमधल्या ४१६४ मेमरी चिपांची मर्यादा साडेपाच व्होल्ट. मशीनच्या आत फ्यूज आहे, दीड अँपिअरचा, पण तो ९ व्होल्टच्या लाईनवर. ५ व्होल्टची लाईन थेट चिपांवर जाते, मध्ये अडवणारं काहीही नाही.

आमच्या घरचा कमोडोर मामांनी १९८६ ला मस्कतहून आणलेला. मागच्या गणपतीत पोरं जमली होती म्हणून मी तो ओरिजिनल सप्लायवरच लावला. आधी मीटरने बघितलं होतं, ५.१ दाखवत होता, म्हणून निर्धास्त होतो. वीसेक मिनिटं निळा स्क्रीन, पोरं खूष, मग अक्षरं विस्कटायला लागली आणि मग नुसता काळोख. गरम सप्लायला परत मीटर लावला तर ६.८. आठपैकी पाच मेमरी चिपा गेल्या. थंड आणि बिनलोडचा सप्लाय मीटरवर चांगला दिसतो म्हणजे तो चांगला आहे असं अजिबात नाही, हे मला तेव्हा माहीत असतं तर मामांच्या मशीनवर ती वेळ आली नसती.

"९ व्होल्ट फक्त कॅसेटसाठी." चूक. हे ९ व्होल्ट एसी असतात. मशीन त्यातूनच पुढे १२ व्होल्ट बनवतं, आणि जुन्या बोर्डांवर चित्राची चिप आणि आवाजाची चिप दोघींना ते १२ लागतात. शिवाय आतलं घड्याळ ह्याच एसीचे सेकंदाला ५० हेलकावे मोजतं. त्यामुळे डीसी अडॅप्टर लावून भागत नाही, एसी दुप्पट करणारं सर्किट डीसीवर चालणार कसं? आणि अशा जुन्या बोर्डाला नुसते ५ व्होल्ट दिले तर लाल दिवा छान पेटतो पण टीव्हीवर काहीच येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण दिवा पेटतोय पण चित्र नाही म्हटल्यावर लोक मशीन मेलं समजून भंगारात देतात, आणि मशीन धडधाकट असतं, त्याला फक्त अर्धंच जेवण मिळालेलं असतं.

चार्जर कापण्याबद्दल. फास्ट चार्जर असला तर ९ व्होल्ट सोडेल अशी भीती काहीजण घालतात, ती खरी नाही, समोरून मागणी आल्याशिवाय तो ५ च्या वर जात नाही. खरी अडचण वायरीची आहे. चार्जरच्या बारीक केबलीत मीटरभर लांबीला जाऊन-येऊन साधारण ०.४ ओहम असतात, दीड अँपिअर ओढले की वाटेतच ०.६ व्होल्ट खाल्ले जातात, मशीनपर्यंत पोचतात ४.४. मग मशीन मध्येच अडकतं, कधी चालू होतं कधी नाही, आणि माणूस चांगल्या चिपा बदलत बसतो.

अँपिअरचं तर उलट आहे. मशीनला लागतात तेवढेच अँपिअर ते ओढतं, ३ अँपिअरचा सप्लाय दीडवाल्याच्या जागी बिनधास्त लावा. कमी असले तर मात्र त्रास.

आता मी काय बनवला ते. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगल्या कंपनीचा बंद डब्यातला एसएमपीएस (एसीचे डीसी करून देणारा तयार इलेक्ट्रॉनिक सप्लाय), आणि वेगळा ९-०-९ चा २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. त्याची मधली तार आणि एका बाजूची तार एवढंच घ्यायचं, दोन्ही टोकं घेतलीत तर १८ येतील. २३० च्या बाजूला फ्यूज, ९ च्या बाजूला फ्यूज, आणि ५ च्या लाईनवर साडेपाचच्या जरा वर गेलं की एससीआर (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) लाईन शॉर्ट करून फ्यूज उडवेल असं सर्किट, हे मात्र टाळू नका. जाळीचा डबा घ्या, राळ-बिळ काही नको. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, आमच्याकडे जांभ्यात ते नीट लागलेलं असेलच असं नाही, आणि २३० च्या जोडणीची सवय नसेल तर तेवढं कामही त्यालाच करू दे.

मशीनला लावायच्या आधी ५ व्होल्टवर ३.३ ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर लावून तासभर चालवा आणि मीटर बघत रहा. रेझिस्टर चटका देण्याइतका तापतो, हात लावू नका. माझा तीन तासांनी ५.०४ होता, आणि जुलैत लाईट वरखाली होत होती तेव्हाही हलला नाही. आता नव्या चिपा घालून मामांचं मशीन त्याच्यावरच चालतंय.

वेंगुर्लेकराला मी सांगितलंय की जुना सप्लाय फेकू नको, त्याची केबल कापून घे, सात पिनांचा तो डिन प्लग आता सहज मिळत नाही. ५ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट, ६ आणि ७ वर ९ एसी, २ वर ग्राउंड, पण पुढून आणि मागून बघताना क्रम उलटा दिसतो म्हणून प्रत्येक पिन मीटरने दोनदा तपास. आणि खाऱ्या हवेने तांबं आतपर्यंत हिरवं झालेलं असतं, ते चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे मागे कापत जा, तरच त्याला सोल्डर धरेल.