फॉइल गुंडाळून एफआरसी केबलचा नॉइज जात नाही

सांगलीजवळच्या कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मेसेज साधारण असा: ‘कार्ड हँग होतंय? चुकीचे सिग्नल येतायत? नॉइज बाहेरून, ड्राइव्हमधून येतो. एफआरसी केबलवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, सोन्याचा मुलामा असलेले कनेक्टर लावा, फेराइट अडकवा. केबल आखूड ठेवा. प्रॉब्लेम शंभर टक्के बंद. कमी स्पीडच्या मशीनला तर एवढंही करायची गरज नाही.’ खाली नेहमीप्रमाणे हात जोडलेले आणि ‘गरजूंपर्यंत पोचवा’.

एफआरसी म्हणजे मशीनच्या कंट्रोल कार्डांना जोडणारी, शेजारी-शेजारी तारा असलेली चपटी पट्टी केबल. नॉइज म्हणजे सिग्नलमध्ये घुसणारा नको तो विजेचा गोंधळ, ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं युनिट आणि फेराइट म्हणजे केबलवर अडकवायचं चुंबकीय कडं. यातलं केबल आखूड ठेवायचं तेवढं खरं. बाकीचं एकेक घेऊ.

आधी ‘नॉइज बाहेरून येतो’ हे. येतो, नाही असं नाही. ड्राइव्हच्या आउटपुट केबलला चिकटवून एफआरसी नेली असेल तर तिथून ती आधी हलवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. कॉन्टॅक्टरच्या (मोठ्या विजेच्या स्विचच्या) कॉइलवर स्नबर, म्हणजे बंद होतानाचा झटका शोषणारा भाग, नसेल तर तो बसवा. पण एवढं करूनही दुखणं राहतंच, कारण बऱ्याचदा नॉइज करणारी तार त्याच केबलमध्ये, शेजारीच असते. खात्री करायची असेल तर ड्राइव्ह पूर्ण बंद ठेवा, फक्त कंट्रोल सप्लाय चालू करा आणि कार्डला आउटपुट चालू-बंद करायला लावा. जी लाइन गप्प असायला हवी, तिच्यावर स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण) लावा. प्रोबची ग्राउंड क्लिप आखूड घ्या, नाहीतर ती लांब तारच अँटेनासारखी नॉइज पकडते. शेजारची लाइन वर-खाली होताना नेमक्या त्याच क्षणी इथे काटा, म्हणजे व्होल्टेजची क्षणभराची उसळी, उठत असेल, तर ड्राइव्हला दोष देऊन काही मिळणार नाही.

हा काटा केवढा असतो? नेहमीच्या एफआरसीत दोन तारांमधलं अंतर 1.27 मिमी. अर्धा मीटर केबलला शेजारच्या दोन तारांत गणितापुरती 20 पिकोफॅरड कपॅसिटन्स धरू. एक लाइन 5 नॅनोसेकंदात 0 वरून 5 व्होल्टला गेली, तर तेवढ्या वेळात शेजारच्या तारेत 20 मिलिॲम्पिअर ढकलले जातात. समोर 50 ओहम असतील तर झाला 1 व्होल्ट. टीटीएल (5 व्होल्टवर चालणाऱ्या लॉजिक आयसींचा एक प्रकार) इनपुट 0.8 व्होल्टपर्यंतच खात्रीने ‘शून्य’ समजतं. म्हणजे बाहेरून काहीही न येता चुकीचा सिग्नल तयार.

याच गणितात ‘कमी स्पीडच्या मशीनला गरज नाही’ हेही निकालात निघतं. वर कुठेही क्लॉकचा आकडा आलेला नाही. लाइन सेकंदातून एकदाच बदलत असली, तरी बदलताना ती 5 नॅनोसेकंदात उडी मारत असेल तर काटा तेवढाच येणार. तीच उडी 500 नॅनोसेकंदांची केली की ढकलला जाणारा करंट शंभरपट कमी. म्हणून सिग्नल पाठवणाऱ्या आयसीजवळ 33 ते 100 ओहमचा सिरीज रेझिस्टर टाकतात, त्याने कडा बोथट होते. काही पैशांचा भाग आहे, पण मेसेजमध्ये त्याचं नाव नाही.

आता फॉइल. शिल्ड, म्हणजे नॉइज अडवणारं धातूचं आवरण, ही गोष्ट खोटी नाही, शिल्डवाल्या एफआरसी बाजारात मिळतात. पण त्यात शिल्ड ग्राउंडला (0 व्होल्टच्या परतीच्या लाइनला) जोडायची सोय केलेली असते, त्यासाठी शिल्डला लागून उघडी ड्रेन वायर असते. स्वयंपाकघरातली फॉइल कशाला जोडणार? ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. मग कोणीतरी वायर गुंडाळतो, वर टेप मारतो, आणि थोड्या दिवसांत ऑक्साइड धरून तो जोड नावापुरताच उरतो. न जोडलेली फॉइल तर निव्वळ अधांतरी पत्रा. एरवी पहिल्या तारेचा दहाव्या तारेशी फारसा संबंध नसतो. हा पत्रा दोघींना सारखाच जवळ, त्यामुळे तो त्यांच्यात नवीन दुवा तयार करतो. क्रॉसटॉक, म्हणजे एका तारेचा सिग्नल दुसरीत घुसणं, कमी व्हायचा तो वाढतो.

शॉर्टचा धोका वेगळाच. क्रिंप केलेल्या (केबलवर दाबून बसवलेल्या) कनेक्टरच्या बाहेरच्या कडेला केबल कापलेली असते. तिथे प्रत्येक तारेची तांब्याची टोकं उघडी दिसतात, केसाएवढी एखादी बट बाहेरही आलेली असते. फॉइल तिथपर्यंत सरकली आणि पॅनेल थरथरत असेल, तर 24 व्होल्टची लाइन सिग्नलला भिडायला वेळ लागत नाही. विट्या-माधवनगरच्या यंत्रमागांवर थरथर किती असते ते कोणाला सांगायला नको.

सोन्याचा मुलामा चांगलाच, पण तो संपर्कासाठी. थरथर, दमटपणा, पिनेवर धरलेला गंज यांनी सिग्नल मधूनच तुटतो आणि आपल्याला तो नॉइज वाटतो. 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी ज्या पॅनेलमध्ये शिरलं, तिथे कनेक्टर बदलणं योग्यच होतं. शेजारच्या तारेतून उडी मारणाऱ्या काट्याला मात्र पिन सोन्याची की टिनाची याने फरक पडत नाही.

फेराइटचं थोडक्यात: सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा नॉइज तो अडवतो. एका तारेने गेलेला आणि दुसऱ्या तारेने परतलेला करंट त्याच्या लेखी शून्य. म्हणजे बाहेरच्या नॉइजवर उपयोग, आतल्या भांडणावर नाही.

मग उपाय कुठे? कनेक्टरच्या कोणत्या पिनेला ग्राउंड दिलंय, तिथे. जुन्या कॉम्प्युटरमधली हार्डडिस्कची 40 तारांची केबल आठवा. तिच्यात ग्राउंड फक्त 7. स्पीड सेकंदाला 33 मेगाबाइटच्या पुढे न्यायची वेळ आली तेव्हा तारा 80 केल्या, कनेक्टर 40 पिनांचाच ठेवला. वाढलेल्या सगळ्या 40 तारा ग्राउंड, दोन सिग्नलांच्या मधे एकेक. फ्लॉपीची 34 पिनांची केबल तर त्याच्याही आधीची, तिच्या विषम नंबरच्या पिना ग्राउंडला. दोन ओळींच्या कनेक्टरमध्ये पहिली तार एका ओळीत, दुसरी समोरच्या ओळीत जाते. त्यामुळे एक ओळ पूर्ण ग्राउंड केली की केबलमध्ये आपोआप एकाआड एक ग्राउंड येतो. प्रत्येक सिग्नलला परतीची वाट अगदी शेजारी मिळते. वीस तारांच्या केबलला एका टोकाला एकच ग्राउंड देऊन पिना ‘वाचवण्याची’ सवय इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमधून सुटत नाही, ती तेवढी सुटायला हवी.

‘पण कार्ड आपलं नाही, पिना बदलणार कशा?’ हा प्रश्न रास्त आहे. केबल पॅनेलच्या अर्थ केलेल्या लोखंडी प्लेटला सपाट चिकटवून न्या, उरलेली लांबी गुंडाळून ठेवू नका, कापा. जोड्या पिळलेली फ्लॅट केबल मिळते. कनेक्टर क्रिंप करता यावा म्हणून तिच्यात ठरावीक अंतरावर सपाट पट्टा सोडलेला असतो. पण पिळलेल्या प्रत्येक जोडीत सिग्नलबरोबर ग्राउंड येत असेल तरच तिचा फायदा, हे आधी पिनआउटवर (कोणती पिन कशाची याच्या तक्त्यावर) तपासा. 10 किलोओहमच्या पुल-अपवर (लाइन 5 व्होल्टकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टरवर) टांगलेली इनपुट लाइन वारंवार फसत असेल तर तिथे 1 किलोओहम करून बघा. 5 व्होल्टला 5 मिलिॲम्पिअर लागतील, समोरचा आयसी तेवढे ओढतो का हे डेटाशीटमध्ये पाहूनच. आणि मशीन महत्त्वाचं असेल तर दोन्ही टोकांना छोटा पीसीबी लावून 20 ची केबल 40 ची करा, मधल्या सगळ्या तारा कार्डच्या ग्राउंडला. क्रिंप करताना लाल कड दोन्हीकडे एक नंबरच्या पिनेवरच आली पाहिजे.