नाशिक न पाहता नाशिकला कसं जाऊन यावं

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मुंबई-पुण्याच्या समस्त जनतेला नाशिकची आठवण येते. तुम्हालाही आली असेल तर आनंदच आहे, अवश्य या. फक्त एक विनंती, कोरी पाटी घेऊन येऊ नका. मिसळ, वाईन आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक देव, एवढं घरूनच ठरवून निघा. कोऱ्या पाटीचा माणूस जुन्या गावात भटकतो, कुणाशीतरी बोलत उभा राहतो आणि भलतंच काहीतरी बघून परत जातो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

रेल्वेने येऊ नका. स्टेशन नाशिक रोडला आणि खरं गाव तिथून नऊएक किलोमीटरवर, त्यामुळे वाटेत कुणी ना कुणी नाशिककर भेटण्याचा धोका असतो. गाडीने या आणि उड्डाणपूल धरा. हा पूल तुम्हाला गावाच्या डोक्यावरून अलगद पलीकडे नेऊन सोडतो. नाशिक न पाहण्याची एवढी पक्की सोय सरकारनेच करून ठेवली आहे, तिचा लाभ घ्या.

सकाळचं पहिलं कर्तव्य मिसळ. ती जुन्या नाशकात, बाकड्यावर दाटीवाटीने बसूनही मिळते, पण त्या भानगडीत पडू नका. तिथे गाडी लावायला जागा नाही आणि फोटो काढायला उजेड नाही. तुम्ही गावाबाहेरची गाठा. जिथे झोपाळे आहेत, रंगवलेली बैलगाडी आहे, जाळीत ससे आहेत आणि रविवारी तासभर नंबर लागत नाही, ती तुमची जागा. दर्शनी बाजूला एक चूल पेटलेली असेल, तिचा फोटो घ्या. मागच्या दाराने सिलिंडर आत नेणारा पोरगा दिसेल, त्याचा घेऊ नका.

ताट समोर आलं की लगेच खायचं नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड, पापड, दह्याची वाटी आणि शेजारी काळ्या मसाल्याचा रस्सा. या रश्श्यावरचा तवंग जरा निरखून बघा. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा तो काळपट-तांबडा रंग आधी शांत दिसतो. चमच्याने नुसता रस्सा घेतलात तर पहिल्या घोटाला वाटतं, एवढंच होय? दुसऱ्याला कानामागे घाम येतो आणि तिसऱ्याला तुम्ही पापडाकडे हात नेता. हे सगळं टाळण्याचा उपाय सोपा आहे. दह्याची अख्खी वाटी सुरुवातीलाच ओता, वर चीज मागा आणि मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, ‘तिखट काही विशेष नाही बुवा.’ त्यापाठोपाठ कोल्हापूरचा उल्लेख व्हायलाच हवा. कोल्हापूरला कधी गेला नसाल तरी चालेल, तिथल्या मिसळीबद्दल मत असायला तिकीट लागत नाही. आणि किटली घेऊन फिरणारा माणूस न विचारता वाटीत रस्सा ओतेल तेव्हा दोन्ही हात आडवे घालून ओरडा. त्यालाही सवय आहे.

आता देव. पंचवटीत गाडी लावायला जागा मिळाली तर तेच दर्शन समजा. कपालेश्वराला गेलात तर पिंडीसमोर नंदी दिसणार नाही. नंदीनेच महादेवाला पापमुक्तीसाठी गोदावरीत स्नान करायला सांगितलं, म्हणून तो इथे गुरू, आणि गुरूला समोर कसं बसवायचं, अशी कथा आहे. ती कुणी सांगू लागलं तर ‘अच्छा, अच्छा’ म्हणत पुढे सरका. काळारामाच्या देवळात मात्र थांबा, काळ्या दगडावर कपडे उठून दिसतात. १९३० सालच्या २ मार्चला याच देवळात जाता यावं म्हणून बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं येऊन उभी राहिली होती आणि दारं आतून लावून घेतलेली होती. तो सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. तुम्हाला आत जायला दहा मिनिटं लागतील, तीही चपला कुठे ठेवायच्या या विवंचनेत. तेवढ्या वेळात व्यवस्थापनाबद्दल चिडचिड करून घ्या.

खाली रामकुंड. इथे नदीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. ‘गंगेवर चाललो’ म्हणजे घाटावर चाललो. तुम्ही हात जोडा, पाण्यात पाय बुडवा, मग पाणी किती घाण आहे याबद्दल लोकांना दोष द्या आणि सोबत आणलेली निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी त्याच पाण्यात सोडा. जमत असेल तर पुलावरून टाका. पुलांना जाळ्या मारल्या आहेत खऱ्या, पण श्रद्धा बळकट असली की पिशवी जाळीच्या वरून जाते.

नारोशंकराच्या देवळाची घंटा दिसली तर ती पोर्तुगीजांवरच्या विजयाची आठवण आहे, वसई १७३९, एवढं मुलांना सांगा. मुलं मोबाईलमधून मान वर काढणार नाहीत, म्हणजे पुढचा प्रश्न येण्याची भीती नाही.

बुधवारी मात्र घाटाकडे चुकूनही फिरकू नका. त्या दिवशी तिथे आठवड्याचा बाजार असतो. भाजी, सुकी मिरची, लसणाच्या माळा, विळे-कोयते, पाटा-वरवंटा, सगळं जमिनीवर मांडलेलं. हे गाव कशावर उभं राहिलं ते या बाजारात फार चटकन कळतं आणि मग दिवसभर वाईन रुचत नाही.

तसंच भांडीबाजाराचं. पूल ओलांडून मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार, भांडीबाजार अशा गल्ल्यांमध्ये शिरण्याचा मोह होईल, आवरा. यात्रेकरू देव करून आला की तांब्या-पितळेचं काहीतरी घेऊन जायचा, त्यातून हा बाजार फुगला. डाख लावून तोंड बंद केलेला, गंगाजळ भरलेला गडू हे त्यातलं सगळ्यात लहान भांडं. आजही इथे पितळी पातेलं वजनावर विकतात. तुम्ही नक्षीची किंमत विचारता, दुकानदार पातेलं उचलून काट्यावर ठेवतो आणि किलोचा भाव सांगतो. घेतलंत की विचारतो, ‘नाव काय घालायचं?’ मग कोपऱ्यातला माणूस ते भांडं मांडीवर आडवं धरतो, नाव कोरायचं मशिन कर्रर्र वाजतं आणि तुमच्या आत्याचं नाव, ‘यांजकडून सप्रेम भेट’ आणि तारीख, सगळं कुठेही आखून न घेता एका ओळीत बसतं. शेवटचं अक्षर कधी काठाबाहेर गेलेलं मी पाहिलं नाही. पण याच्यात तुमची चांगली वीस मिनिटं जातील. त्यापेक्षा घरी जाऊन तांब्याची बाटली ऑनलाइन मागवा. तिच्यावर कंपनीचं नाव आधीच कोरलेलं येतं, आत्याला तेवढं पुरे.

या गल्ल्यांत गाडी घातलीच असेल तर ती अडकेल. अडकल्यावर हॉर्न वाजवत राहा आणि खाली पाहू नका, कारण तुमच्या चाकांखाली रहाड असू शकते. रहाड म्हणजे पेशवेकाळातला दगडी हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून वाहतूक चालू असते. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा करतात, फुलं उकळून केलेला रंग त्यात ओततात आणि मग पोरं काठावरून धप्पा मारतात. अर्धा रंग आपोआप काठावरच्यांना लागतो. तुम्ही हे पाहू नये म्हणून होळीच्या दुसऱ्याच दिवशी या. त्या दिवशी अख्खं जुनं नाशिक कोरडं असतं. ‘इथे काही फारसं खेळत नाहीत वाटतं’ असं म्हणून संध्याकाळच्या आत परत फिरा.

मोडकळीला आलेले वाडे दिसतील. त्यांच्या लाकडी खांबांपुढे उभं राहून ‘काय वैभव होतं हो’ म्हणा. भिंतीला टेकू नका. दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात, त्या काही उगाच नाही.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, मिसळीनंतर कुणाला भूक असते? चिवडा मात्र न्या. ‘मूळ’, ‘खरं’ आणि ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी पाटी असलेलं दुकान निवडा. एका रांगेत अशी तीन सापडली तर मधलं घ्या.

दुपारी पांडवलेणी. पायऱ्या चढून दमलात की लगेच विचारा, ‘भीमाची खोली कुठली?’ लेणी बौद्ध आहेत, चोवीस आहेत आणि पांडवांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही, हे सांगणारा कुणी जवळपास असेल तर त्याच्याकडे अविश्वासाने बघा. दहाव्या लेण्यातले शिलालेख तर वाचायचेच नाहीत. वाचलेत तर पंचाईत होईल, कारण तो सरळसरळ मुदत ठेवीचा कागद आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज झालं २४०, आणि लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस, हिशेब पैशाला पैसा जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर केला, फलकावर नोंदवला आणि शिवाय डोंगरात कोरून ठेवला. पतसंस्थेच्या दारात पासबुक घेऊन उभ्या राहिलेल्या ठेवीदारांना हा लेख दाखवू नये, उगाच डोळ्यांत पाणी येतं.

तर हे गोवर्धन कुठे आहे? गंगापूर रोडने धरणाकडे जाताना लागतं आणि तुम्ही तिकडेच निघाला आहात. जिथल्या विणकरांच्या शब्दावर राजाचा जावई पैसे ठेवत होता, त्याच शिवारात आता द्राक्षं पिळतात. गावाची पाटी येईल तेव्हा नेमकं कुणीतरी गाडीत विचारेल, ‘अजून किती लांब आहे वाईनरी?’ म्हणजे पाटी चुकेल. उत्तम.

वाईनरीत गेल्यावर आपण फ्रान्समध्ये आहोत असं समजा. शेजारच्या रानात औषध मारणारा माणूस तोंडाला फडकं बांधून ट्रॅक्टरवर बसलेला दिसेल, तो फ्रान्समध्ये मोडत नाही. पेला दांडीला धरायचा, तिरका करून रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं आणि मग घोट तोंडात घोळवायचा. समजावणारा मुलगा पेरू, लिची, ओलं गवत अशी नावं घेईल. तो चांदवड किंवा दिंडोरीचा असण्याची शक्यता दाट आहे आणि घरी बागेची छाटणी, द्राक्षांवरचा डावणी रोग आणि व्यापाऱ्याने बुडवलेले पैसे यांबद्दल तो तुम्हाला लिचीपेक्षा पुष्कळ जास्त सांगू शकेल. विचारू नका, वातावरण बिघडतं. चव घेऊन झाली की थुंकायला तिथे स्वतंत्र भांडं ठेवलेलं असतं. अख्ख्या नाशकात थुंकण्याची एवढी सोय दुसरीकडे कुठे नाही आणि नेमकं तिथेच कुणी थुंकत नाही.

खायची द्राक्षं वेगळी आणि वाईनची वेगळी, हे कळून तुमचा विरस होईल. वाईनची बारकी, बियांची, जाड सालीची असतात. चोरून तोडाल तर तोंड वाकडं कराल. परतताना हायवेवरून खायच्या द्राक्षांची पेटी घ्या आणि फक्त वरचा थर बघून घ्या. खालच्या थराची ओळख घरी होईलच.

एवढं सगळं काटेकोर पाळलंत तर तुमच्यात आणि आम्हा नाशिककरांत फारसा फरक उरत नाही. भांडीबाजारात आम्ही लग्न ठरल्यावर जातो, पांडवलेणीला पाहुणे आल्यावर, आणि काळारामाला परीक्षेच्या आधी. नदीकडे तर सहसा पाठच असते. अपवाद फक्त पुराचा.

म्हणून एक शेवटचा सल्ला. अगदी कशातच नाशिक सापडलं नाही अशी हुरहुर लागली, तर जुलै-ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की या. त्या दिवशी सगळं गाव घाटावर लोटलेलं असतं. पोलीस शिट्ट्या फुंकत माणसं मागे रेटतात, मागून कणीसवाला पुढे सरकतो, सराफ बाजारातले दुकानदार माल माळ्यावर चढवत असतात. पाण्याची पातळी इथे फुटा-मीटरात कुणी सांगत नाही. घाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, पाणी तिच्या कुठपर्यंत आलं, तेवढंच विचारायचं. ‘गुडघ्याला लागलं’, ‘कमरेच्या वर गेलं’, असं उत्तर मिळतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर मारुतीच दिसेनासा झाला होता. तुम्हीही विचारा. शेजारी छत्री घेऊन उभे असलेले आजोबा आधी तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतील, मग म्हणतील, ‘हा कसला पूर? एकोणसत्तर साली...’ इथे मात्र खरोखर पळ काढा. एकोणसत्तरचा पूर ओसरायला त्यांना दोन तास तरी लागतात आणि मध्ये चहा तुम्हालाच पाजावा लागतो.