खर्च झाला, मिळालं काय?

धरमपेठेतल्या आमच्या चहाच्या ठेल्यावर विन्या पेपर आपटूनच बसला. "मार्चपर्यंत शंभर टक्के निधी खर्च केला म्हणून सरकारी खातेवाले पाठ थोपटून घेऊन राहिले बे! माझ्या घरी पैसे संपले तं बायको सत्कार करते काय?"

काका ऑडिटमधून रिटायर झालेले. म्हणाले, "अरे, हे तं केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांतच आहे. साधा शहाणा माणूस स्वतःच्या पैशाला जेवढा जपतो, तेवढंच सरकारी पैशाला जपायचं. वर्ष संपताना खर्चाची घाई करणं हा औचित्यभंग, हेही तिथंच लिहिलंय."

"अन् नाही केला खर्च तं?" पप्पू ठेकेदारी करतो. "निधी लॅप्स, पुढच्या वर्षी कात्री. म्हणून मार्चमध्ये आम्हालेच फोन, बिल टाका लवकर."

आमच्या गल्लीतले फरशीचे चांगले गट्टू उपटून नवे बसवले, तेही मार्चमध्येच. जुने अजून नालीच्या कडेला रचून आहेत, एकही फुटलेला नाही.

विन्याला यात फक्त चोर दिसतात. कोणी खाल्लं, हे आपण सगळेच चवीने विचारतो. पण न खाताही पैसा वाया जातो, त्याचा हिशेब कोण मागतो? आपल्या विदर्भातलं गोसीखुर्द धरणच घ्या. मूळ मंजुरी 372 कोटींची, 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी, 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, आणि खर्च कधीच हजारो कोटींत गेलेला. चौकश्या झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. पण धरणात पाणी असून शेतापर्यंत वितरिका, म्हणजे पाणी नेणारा छोटा कालवा, पोचली नाही, तर ती वर्षं कोणाच्या खात्यात मांडायची?

"कॅग म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक. त्यांचं कामगिरी लेखापरीक्षण तेच पाहते," काका म्हणाले. "काटकसर, कार्यक्षमता अन् परिणाम."

"अन् तो अहवाल विधानसभेत येतो बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी," विन्या म्हणाला. " आमदार बॅग भरून राहिले असतात तेव्हा!"

"पुढे आमदारांची लोकलेखा समिती आहे ना. सचिवाला साक्षीला बोलावते ती."

"तोवर तो सचिव तिसऱ्याच खात्यात!"

काका यावर काही बोलले नाहीत. पप्पूने मात्र वेगळीच गोष्ट काढली. ऑडिटच्या भीतीने साहेब सगळ्यात कमी रेटवाल्यालाच काम देतो. जास्त रेटवाला घेतला तर ऑडिटचा पॅरा, म्हणजे आक्षेप, निघेल. मग अंदाजपत्रकापेक्षा वीस टक्के बिलो, म्हणजे कमी, भरणारा माल कुठे वाचवेल, हे सगळ्यांना माहीत असतं. मला हे पटलं. स्वस्त घेतलं एवढंच तपासलं जातं, टिकलं का हे विचारायला कोणी पुन्हा त्या रस्त्यावर जात नाही.

"तूच जा ना," काका विन्याला म्हणाले. "माहिती अधिकारात नुसते कागदच नाही मिळत. कामाची पाहणी करता येते, मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. 2005 पासून कायदा आहे."

"टाकतोच अर्ज. सिमेंट रोडचा नमुना मागतो."

पप्पूने कप ठेवला. "मागशील तं कडेचा माग बे. मधे सगळेच बरोबर टाकतात."