‘चालतंय ते खरं’? फॅमिली थेरपीवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

वडोदऱ्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: फॅमिली थेरपी, म्हणजे अख्ख्या घराला एकत्र बसवून केलेलं समुपदेशन, अमेरिकन प्रॅग्मॅटिझमवर उभी आहे, म्हणजे ‘चालतंय ते खरं’, हे तत्त्वज्ञान परकं, घर शांत दिसावं म्हणून सुनेला गप्प बसवलं जातं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. मी याच कामात आहे, म्हणून लिहितोय.

‘चालतंय ते खरं’पासून सुरू करू. प्रॅग्मॅटिझमचा अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने विचाराचं ‘रोख मूल्य’ विचारा, म्हणजे तो खरा मानल्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो ते बघा, म्हटलं आणि त्याच्यावर व्यापारीपणाचा शिक्का बसला. पण ‘खरं’ म्हणजे विचाराला सोयीचं असतं ते, असं १९०७ साली लिहिताना त्याने लगेच जोडलं होतं की ही सोय लांबच्या पल्ल्यात आणि सगळं मिळून बघायची. फॉरवर्डवाल्यांनी नेमकं तेवढंच गाळलंय.

फॅमिली थेरपीतही हीच दृष्टी दिसते. इटलीतल्या मिलानच्या सेल्विनी पालाझोली, बोस्कोलो, चेकिन आणि प्राता या थेरपिस्टांच्या गटाने थेरपिस्टचा अंदाज खरा की खोटा यापेक्षा तो उपयोगी किती, हे बघायला सांगितलं. ऐकायला बेफिकीर वाटतं. पण समजा, दांडिया बाजारातल्या एका घरात दहावीतला मुलगा शाळेला जाईनासा झालाय. आई म्हणते आळस, आजी म्हणते लाड, बाबा म्हणतात मोबाइल. थेरपिस्ट निवाडा करत नाही. तो धाकट्या बहिणीला विचारतो, “दादा घरी असला की आई-बाबांची भांडणं वाढतात का कमी होतात?” ती “कमी” म्हणाली, तर नवा अंदाज तयार होतो: पोरगा घराची राखण करतोय. मग काही दिवस आई-बाबांनी आपले वाद मुलाला मध्ये न घेता सोडवून बघायचे. तो शाळेकडे वळला तर अंदाज ठेवायचा, नाही वळला तर टाकून द्यायचा, थेरपिस्टला तो कितीही आवडलेला असो. आपल्या मतावर ठाम बसलेल्या नातेवाइकांकडून इतकी शिस्त कोण पाळून घेतं?

‘परकं’वर फार लिहित नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले, तिथे प्रॅग्मॅटिझमचे मोठे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते, आणि १९३६ साली जातीच्या उच्छेदावर लिहिताना बाबासाहेबांनी त्यांचं ऋण मानलं. (त्याच बाबासाहेबांना १९१७ साली या शहरात राहायला जागा मिळू दिली नाही. तेव्हा आपलं-परकं आपण जरा जपूनच बोलावं.)

सुनेचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो या क्षेत्राच्या आतूनही आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेचल हेअर-मस्टिनने १९७८ मध्येच दाखवलं की थेरपिस्ट नकळत बाईवरच जुळवून घेण्याचा भार टाकतात. पण हा दोष प्रॅग्मॅटिझमचा नाही, तो अर्धवट वापरल्याचा आहे. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, असं ड्यूई म्हणत. म्हणून ‘उपयोग झाला’ हे एकट्या सासूबाईंनी ठरवायचं नसतं. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या थेरपिस्टांच्या पद्धतीत प्रत्येकाला, किती बरं चाललंय याचा शून्य ते दहावर आकडा विचारतात. सासूबाई आठ म्हणाल्या आणि सून तीन, तर काम झालेलं नाही, घर कितीही शांत असो. मारहाण असेल तर दोघांना समोरासमोर बसवून तडजोड काढणं धोक्याचंच; तिथे आधी तिची सुरक्षितता, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आणि गुजरातची १८१ अभयम हेल्पलाइन.

राहिलं मूळ दुखणं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या थेरपिस्ट गटाचं म्हणणं होतं की बऱ्याचदा दुखणं टिकतं ते त्यावर रोज केल्या जाणाऱ्या त्याच त्या उपायामुळे. मुलगा बोलत नाही म्हणून बाबा रोज रात्री समजावतात, म्हणून तो आणखी बोलत नाही. इथे बालपणापर्यंत खणायच्या आधी आठवडाभर ते समजावणं बंद करून बघणं स्वस्त पडतं. नैराश्य किंवा व्यसन दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायलाच हवं. ते न करणाऱ्या समुपदेशकाला खुशाल धारेवर धरा. त्यासाठी जेम्स-ड्यूईंना मध्ये ओढायची गरज नाही.